तावडेकाकांचा विजेचा गोळा

आमच्या घरात कुणीही नवीन वस्तूला आधी उलटा हात लावतं. फ्रिज असो, इस्त्री असो, नाहीतर साधा टेबलपंखा असो. बोटांची मागची बाजू हळूच टेकवून बघायची आणि मगच सरळ हाताने धरायचं. पाहुण्यांना वाटतं, आम्ही सोवळंओवळं पाळतो. तसलं काही नाही, ही तावडेकाकांची शिकवण. करंट असला की माणसाची मूठ आपोआप वळते. तळहात लावलात तर वस्तू मुठीत पकडली जाते आणि सुटत नाही, उलटा हात लावलात तर मूठ वळताना हात बाजूला होतो. काका जन्मभर याच हिशेबाने वागले. दार वाजवायचं तरी उलट्या हाताने, आणि कुणाचं तान्हं बाळ बघायला आले तरी त्याच्या गालाला लावायची ती उलटी बोटंच.

वसंत तावडे डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचे. मूळचे कणकवलीकडचे. गिरणीत वायरमन होते. गिरणी गेली तरी ते वायरमनच राहिले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी पिवळ्या मुठीचा टेस्टर. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो टेस्टर खिशात असायचा. गणपतीत मांडव उभा राहिला की पहिलं दर्शन काका घ्यायचे, पण मूर्तीचं नव्हे, मांडवाच्या लोखंडी खांबांचं. एकेका खांबाला टेस्टर लावत पुढे जायचे आणि शेवटी म्हणायचे, "हां, आता आणा देवाला."

चाळीत त्यांना 'गोळाकाका' म्हणत. नव्याने आलेल्या सुनांना वाटायचं, हे पूर्वी बर्फाचा गोळा विकत असतील. मग काका एखाद्या दिवशी त्यांना गॅलरीत गाठून आपला गोळा सांगायचे. मी तो पन्नास वेळा तरी ऐकला असेन. त्यातला एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही, आणि माझा त्यावर जो काही थोडाफार विश्वास बसला होता तो एवढ्याच कारणाने.

"दुपारपाळी होती. ऑक्टोबरातला गडगडाट. साचेखात्याच्या स्विचरूममध्ये मी स्टुलावर बसून मीटरचं रीडिंग लिहितोय. पेन हातात होतं, हे ध्यानात ठेव. खिडकी उघडी. तर त्या खिडकीतून एक गोळा आत आला. मोसंबीएवढा. पिवळा, थोडा नारिंगी. आवाज कसला, तर कढईत मोहरी टाकल्यावर येतो तसला. पडत नाही, उडत नाही, आपला चालत आल्यासारखा सावकाश. माझ्या डोक्यावरून गेला. पॅनलपाशी थांबला, जसा काय बोर्ड वाचतोय. आणि फाट्! मेन ट्रिप. सगळे साचे बंद, एकही माग हलेना."

इथे ऐकणाऱ्याने "मग?" म्हणायचं असतं.

"मग काय! मेमो."

तो मेमो काकांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला होता. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. 'ड्युटीवर डोळा लागल्यामुळे बिघाडाकडे वायरमनचे लक्ष गेले नाही.' खाली इलेक्ट्रिक खात्याचे इंजिनिअर केळकरसाहेब यांची सही. नोकरी गेली नाही, पगार कापला नाही. गिरणी बंद पडेपर्यंत काका त्याच स्विचरूममध्ये होते. पण 'डोळा लागला' हे दोन शब्द त्यांच्या घशात अडकले ते कायमचे.

"वेडा म्हटलं असतं तरी चाललं असतं," ते म्हणायचे. "भूत बघितलंस म्हटलं असतं तरी ऐकून घेतलं असतं. पण झोपला? वायरमन स्विचरूममध्ये झोपला?"

मी जागा होतो, एवढं एक वाक्य सिद्ध करायला हा माणूस उरलेलं आयुष्य घालवत होता. त्यासाठी गोळा पुन्हा दिसायला हवा होता, नाहीतर करून दाखवायला हवा होता. पहिलं आपल्या हातात नाही म्हणून काकांनी दुसरं धरलं.

गोळा म्हणजे काय, याची विलायती मतं त्यांनी वाचनालयात बसून, कुणाकुणाकडून समजावून घेऊन गोळा केली होती. कुणी म्हणतं वीज जमिनीत घुसली की मातीतली वाळू तापून तिची वाफ होते आणि ती जळत राहते. कुणी म्हणतं हवेच्या फुग्यात लहरी अडकतात. काका दोन्ही मतं आदराने सांगत आणि मग बाजूला सारत. कारण त्यांचं स्वतःचं मत पिळाचं होतं. कापूस नुसता ओढला तर तुटतो, त्याला पीळ दिला की सूत होतं आणि ते साच्यावर दणके खाऊन टिकतं. तसाच करंट स्वतःभोवती पिळला गेला की त्याचा गोळा होतो आणि तो हवेत टिकतो. ढगात असा पिळाचा करंट भरलेला आहे. तो खाली उतरवता आला तर गोळाही करता येईल आणि फुकटचे दिवेही लावता येतील. हे बरोबर की चूक ते मला सांगता येणार नाही, मी विम्याच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस. पण सांगताना काका अंगठा आणि तर्जनी अशी काही फिरवायचे की मला हवेत सूत दिसायचं.

यंत्र त्यांच्या खोलीच्या दाराशी, चपलांच्या फळीवर होतं. गिरणीतल्या लाकडी बॉबिनवर तांब्याची जोडतार पिळून गुंडाळलेली, अशा अकरा बॉबिनी ओळीने. त्यांतून एक तार वर गच्चीत गेलेली, तिथे बांबूला तांब्याचा पत्रा. ही आकाशाची तार. दुसरी तार गॅलरीतून जाणाऱ्या नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली. ही जमिनीची. मध्ये नखाएवढा एलईडी दिवा. घरातल्या लाइनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. नळाला अर्थिंग बांधायची चाळीत जुनी पद्धत. पूर्वी रेडिओ तसेच लागायचे. काका म्हणायचे, "पाइप सरळ रस्त्याखाली जातो. यापेक्षा पक्कं अर्थिंग मुंबईत नाही." त्यांच्याच सांगण्यावरून मी आमच्या वॉशिंग मशीनची अर्थिंगची तारही मोरीतल्या नळाला गुंडाळली होती.

काकी या सगळ्याला कंटाळल्या होत्या, पण मजेत कंटाळल्या होत्या. "ह्येंका जेवणाची शुद्ध नाय," त्या माझ्या बायकोला सांगायच्या, "बल्बाची मात्र हा." यंत्रावरची धूळ मात्र त्याच पुसायच्या.

काका भोळे होते असं समजू नका. एकदा चाळीत एक टायवाला विक्रेता आला. प्लगात लावायची एक डबी होती त्याच्याकडे. ती लावली की लाइटबिल अर्ध्यावर येतं म्हणे. डबीवर हिरवा दिवा लागत होता. चार बायका डबी घ्यायला तयार झाल्या. काकांनी ती मागून घेतली, खिशातला टेस्टर काढून स्क्रू फिरवले आणि डबी उघडून सगळ्यांपुढे धरली. आत तो हिरवा दिवा आणि एक फुटकळ कंडेन्सर, बाकी पोकळ.

"दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही," काका त्याला शांतपणे म्हणाले. "दिवा कशावर लागलाय ते आधी बघायचं असतं. जा, चहा पिऊन जा."

त्याला खरोखर चहा पाजून पाठवलं.

केळकरसाहेबांशी त्यांचं नातं हा मला कधी न सुटलेला प्रकार होता. साहेब गिरगावात फणसवाडीत राहायचे, वय चौऱ्याऐंशी. ज्यांनी मेमो दिला त्यांच्याकडे काका दर जूनमध्ये गावची कोकमं घेऊन जायचे. एकदा पिशवी जड होती म्हणून मी बरोबर गेलो. साहेबांनी दार उघडलं, पिशवी घेतली, आणि पाणी द्यायच्या आधीच दोघं गोळ्यावर सुरू झाले.

"तावडे, लख्ख वीज चमकली की डोळ्यांपुढे काही सेकंद तिरीप राहते," साहेब म्हणाले. "नजर फिरवाल तशी ती फिरते. गोळा चालतोय असं वाटतं."

"आणि आवाज, साहेब? मोहरीचा? डोळ्याला आवाज येतो काय?"

"मी नाही म्हणत नाही. मला एकदा दाखवा. पुरावा दाखवलात तर मेमो मी स्वतः फाडीन."

"फाडू नका. खाली लिहा. 'तावडे जागा होता.' बस्स."

निघताना साहेबांनी पिशवी धुऊन परत दिली. जिन्यात काका म्हणाले, "माणूस चांगला हा. पण बघितल्याशिवाय मानणार नाही. इंजिनिअरने तसंच असावं." त्यांच्या जागी मी असतो तर कोकमं रस्त्यात फेकली असती.

गेल्या वर्षी काका जूनमध्ये गावाहून परतले, आणि जुलैतल्या एका कुंद सकाळी आमच्या दारावर उलट्या हाताची टकटक झाली. "प्रदीप, लागला रे!"

मी दाढीचा फेस तसाच ठेवून धावलो. दिवा खरोखर लागला होता. मिणमिणता, पण लागला होता. दहाएक मिनिटांनी विझला. मग काकांनी वही घातली. कडक ऊन असलं की नाही. ढग भरून आले की लागतो. दोन-अडीच महिने असंच. वही बघितल्यावर माझ्यासारख्या कारकुनालाही बोलायला जागा राहिली नाही. चाळीत उत्साह पसरला. काका मात्र उत्साहात नव्हते, ते घाबरलेले होते. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट दारात येऊन उभी राहिली की माणसाचं असंच होत असावं. "दसऱ्याला साहेबांना बोलावतो," ते म्हणाले. "गिरणीत त्या दिवशी साच्यांची पूजा व्हायची. यंत्राची करू. त्यांनी डोळ्यांनी बघू दे."

दसऱ्याला आभाळ भरलेलं होतं. काकांनी अकरा बॉबिनींना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, पुढे नारळ आणि टेस्टर ठेवला. केळकरसाहेब काठी टेकत, प्रत्येक मजल्यावर थांबत वर आले. काकींनी त्यांना गॅलरीत खुर्ची दिली. सगळा मजला जमला होता. आरती झाली. सगळे दिव्याकडे बघत राहिले.

दिवा काही लागेना.

"ढगाला वेळ लागतो," काका म्हणाले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि ते बघितलेलं काकांनी बघितलं. माझी बायको सुनीता कानाशी म्हणाली, "कपडे पिळायचे राहिलेत, या हवेत वाळणार नाहीत. येते मी," आणि आत गेली.

तेवढ्यात दिवा लागला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी न राहवून "गणपती बाप्पा" म्हणून ओरडलं आणि दसरा असूनही सगळे "मोरया" म्हणाले. केळकरसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खाली वाकून दोन्ही तारा निरखल्या. घरातली लाइन कुठेच जोडलेली नाही याची खात्री करून घेतली. मग काकांकडे बघून हळूहळू मान हलवली. साहेबांची ती हलणारी मान बघायला काका चाळीस वर्षं जगले होते.

पण काका साहेबांकडे बघतच नव्हते. त्यांनी मान तिरपी केली होती. शेकडो साच्यांच्या खडखडाटात कुठला साचा बंद पडला ते ज्याला ऐकून कळायचं, तो माणूस काहीतरी ऐकत होता. दिवा विझला. काही वेळाने पुन्हा लागला. काका उठले आणि थेट आमच्या दारात गेले.

"सुनीता, मशीन बंद कर गो."

आतली घरघर थांबली. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "अरेरे, गेला!"

"आता चालू कर."

"लागला!"

काकांचा चेहरा मी बघितला. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलेलं त्या क्षणी फक्त त्यांनाच होतं. ते गप्प बसले असते तर आमच्यापैकी कुणालाही कधीही काही समजलं नसतं. त्यांनी पूजेतला टेस्टर उचलला आणि गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक नळाकडे अक्षरशः धावले. तिथे पेडणेकर आजी कळशी घेऊन उभ्या होत्या.

"आजी, हात मागे! नळाक हात लावू नका!"

त्यांनी नळाला टेस्टर टेकवला. टेस्टर लालभडक पेटला.

काकांनी आधी आमच्या खोलीचा मेन स्विच पाडला. मग ते साहेबांसमोर येऊन उभे राहिले, शाळेत चूक कबूल करायला उभं राहतात तसे.

"साहेब, हा ढगातला करंट नाही. प्रदीपच्या मशीनमधला आहे. कपडे पिळायची मोटर खराब झालीय, तिचा करंट नळाच्या पाइपात उतरतोय. ढग असले की कपडे वाळत नाहीत, म्हणून सुनीताची मोटर जास्त फिरते. म्हणून माझा दिवा ढगात लागतो." त्यांनी वर गच्चीकडे बोट केलं. "आणि आकाशाची तार मी बांबूला बांधली, बांबू पन्हाळीच्या लोखंडी पाइपाला, आणि तार त्या पाइपाला टेकली. ती तार आकाशात नाहीच, जमिनीत गेलीय. ज्याला मी जमीन समजत होतो त्यात करंट होता. चूक माझी. नळाला अर्थिंग बांधा म्हणून मीच सगळ्यांना सांगत आलो."

खाली जाऊन बघितलं तेव्हा उरलेलं कळलं. मे महिन्यात, काका गावी असताना, प्लंबरने गंजलेला पाइप कापून मध्ये प्लास्टिकचा तुकडा घातला होता. आमच्या मजल्याचा पाइप त्या दिवसापासून जमिनीला जोडलेलाच नव्हता.

त्या नळावर माझी मुलगी रोज अनवाणी उभी राहून दात घासायची. मशीन झिणझिणतं म्हणून सुनीता दोनदा बोलली होती आणि मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो. पेडणेकर आजी तर हाताला मुंग्या येतात म्हणून गोळ्या घेत होत्या! मी मुलीला जवळ ओढलं आणि सोडलंच नाही. ती धडधाकट होती. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

गॅलरीत खुर्चीत बसलेले केळकरसाहेब म्हणाले, "तावडे, दिवा मी पाहिला होता. मी मानायला तयार झालो होतो. तुम्ही बोलला नसतात तर आज मी लिहून दिलं असतं."

"आणि उद्या आजी नळाला चिकटली असती म्हणजे, साहेब?"

"तेच म्हणतोय मी." साहेब काठी टेकून खुर्चीत पुढे सरकले. "एवढ्या माणसांसमोर लागलेला दिवा जो स्वतःच्या हाताने विझवतो, तो त्या गोळ्याबद्दल माझ्याशी खोटं कशाला बोलेल? झोपला असतात तर झोपलो म्हणाला असतात तुम्ही. तो कागद आणा."

काका जागचे हलले नाहीत. काकीच आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आल्या. साहेबांनी मेमो मांडीवर पसरला, माझ्याकडून पेन घेतलं आणि आपल्या जुन्या सहीखाली लिहिलं, 'तावडे जागे होते. माझी चूक झाली.' आणि नवी सही केली.

"गोळा काय होता ते मला अजूनही माहीत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही जागे होतात."

काका मटकन स्टुलावर बसले. मला वाटलं आता रडतील. ते हसले, पोटभर हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "साहेब, जेवल्याशिवाय जाऊचा नाय हां."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात खड्डा खणायला घेतला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, सगळं रीतसर. चार दिवसांत पूर्ण मजल्याचं अर्थिंग नवीन झालं. तार कमी पडली तेव्हा त्यांनी अकराच्या अकरा बॉबिनी उलगडल्या आणि पिळाची तार सरळ करून खड्ड्याकडे नेली. मला वाईट वाटलं, त्यांना नाही. "जमिनीतच जायचं होतं तिला," म्हणाले. पेडणेकर आजींच्या मुंग्या थांबल्या. त्याचं श्रेय त्या आजही गोळ्यांनाच देतात.

दिवाळीनंतर काका-काकी कायमचे गावी गेले. या वर्षी पावसाच्या आधी काकींचा फोन आला. दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, झोपेतच गेले. "खुशाल झोपले होते हो," काकी म्हणाल्या. मला रडू आलं, आणि त्या 'खुशाल'मुळे बरंही वाटलं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते गावी निघाले त्या सकाळी. खाली टॅक्सी उभी, सामान भरलेलं, काकी आत बसलेल्या. काका मात्र तीन जिने चढून पुन्हा वर आले. काही विसरलं असेल म्हणून मी दारात गेलो. ते गॅलरीच्या टोकाला नळापाशी उभे होते. त्यांनी टेस्टर टेकवला. लागला नाही. पुन्हा टेकवला, वाकून, डोळे बारीक करून बघितलं. नाहीच लागला. काकांनी टेस्टर खिशात ठेवला. मग उजवा हात पुढे केला, उलटा नव्हे, सरळ, आणि पूर्ण तळहाताने नळ घट्ट धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तोटी उघडली, ओंजळभर पाणी प्याले आणि खाली गेले.